नाव पडेपर्यंत पेढे नाहीत

दोनशेचौदा नंबरच्या ओळीतली झाडं मी तिसऱ्यांदा मोजली. चाळीस उगवलेली, अडतीस उभी. डावीकडची ओळ वाळून काटक्या झाली होती, उजवीकडचीही तशीच. मधली ही एकटी हिरवीगार, शेंगांनी लगडलेली. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. त्या मेलेल्या रानाच्या मधोमध उभं राहून मी वहीत आकडा लिहिला, खोडला आणि पुन्हा तोच लिहिला.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. लातूरकडच्या एका तूर संशोधन केंद्रावर मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. मी मूळची मिरजेची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि मराठवाड्यात तशी नवखीच. त्या केंद्रावर एक रान असं होतं, की तिथे आम्ही रोग जपत होतो. तुरीला मर नावाचा रोग लागतो. त्याची बुरशी मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि ऐन शेंगा भरायच्या वेळी उभं झाड वाळून जातं. कोणता वाण या रोगाला दाद देत नाही हे तपासायचं, तर रोग हाताशी हवा. म्हणून मेलेली झाडं बारीक करून दर वर्षी त्याच मातीत पुन्हा गाडायची. अधूनमधून एखादी ओळ मुद्दाम हमखास मरणाऱ्या वाणाची पेरायची, म्हणजे रोग जागा आहे याची खात्री पटते. सगळे त्याला आजारी रान म्हणत. तिथून बाहेर पडताना पाय औषधाच्या पाण्यात बुडवावे लागत, आणि तिथल्या चपला तिथेच ठेवाव्या लागत.

अशा मातीत एखादी ओळ एक वर्ष तगली तर तो योगायोग असू शकतो. दोनशेचौदा तिसऱ्या वर्षी तगली होती.

मी लोमटेसरांना बोलावून आणलं. डॉक्टर लोमटे केंद्राचे प्रमुख, पन्नाशीचे, अंबाजोगाईकडचे. कमी बोलणारे आणि बोलले तर समोरच्याला थोडं लागेल असं बोलणारे. ते ओळीत उकिडवे बसले, एका खोडाची साल नखाने सोलली. मर लागली असेल तर सालीखाली काळी रेघ दिसते. आत पांढरंशुभ्र होतं. त्यांनी दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि उठून हात झटकले.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मी भीतभीत म्हटलं, की या वेळी सगळ्यांना काहीतरी गोडधोड द्यायला हवं.

"नाव पडलं का?"

तो त्या केंद्राचा नियम होता. वाणाची पाच ठिकाणी आणखी तीन-चार वर्षं परीक्षा होते, मग समिती बसते आणि मग त्याला नाव मिळतं. तोपर्यंत तो नुसता नंबर. नाव पडेपर्यंत पेढे नाहीत, असं लोमटेसर म्हणत आणि सगळे ते पाळत. त्यामागची हकिकत कचेरीतल्या बिराजदारांनी मला सांगितली होती. पूर्वी एका ओळीने दोन वर्षं टिकाव धरला, तेव्हा सरांनीच हौसेने पेढे वाटले, पेपरात फोटो आला. आसपासचे शेतकरी ओळखीपाळखीने मूठ मूठ बी घेऊन गेले. तिसऱ्या वर्षी सगळं वाळलं. एक शेतकरी मुळासकट उपटलेली पेंढी घेऊन आला, सरांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. सरांनी ती पेंढी आठवडाभर टेबलावरून हलवू दिली नाही.

मला तो नियम पटत होता. विज्ञान शिकलेल्या कुणालाही पटावा असाच होता.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं रान होतं. त्याला आम्ही दोऱ्यांचं रान म्हणत असू. तिथे सहा बायका कामाला. तुरीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी बारीक चिमट्याने उघडायची, आतले दहाच्या दहा पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दहातला एक जरी आत राहिला तरी सगळी मेहनत फुकट. शंभर कळ्यांमागे दहा-पंधरा शेंगा धरल्या तर हात चांगला. या बायकांना आजारी रानात पाऊल टाकायची बंदी होती, कारण पायाची माती इकडे आली तर इकडचंही रान जायचं. कोणत्या दोऱ्याची जोडी कोणती, हेही त्यांना सांगायचं नाही, म्हणजे सगळ्या जोड्यांना सारखाच हात लागतो. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरूनच होत्या.

त्या सहाजणींत मोठी केवळाबाई. सतरा वर्षं रोजंदारीवर. नवरा गेलेला, स्वतःचं रान नाही, लेक निलंग्याकडे दिलेली. बोटं जाड, नखं मातीने काळी, पण चिमटा हातात आला की ती बोटं जणू दुसऱ्याच कुणाची होत. त्या वर्षी दिवाळीनंतर ती आपण होऊन लोमटेसरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सायब, माझ्याच्यानं आता एखादा आत ऱ्हातोय," ती म्हणाली. "दिसतंच न्हाई नीट. चष्मा लावून बी न्हाई."

ती बोलली नसती तर दुसऱ्या वर्षी पेरणी होईपर्यंत कुणाला कळलंही नसतं. सरांनी तिला दोरे गुंडाळायला आणि कळ्या मोजायला बसवलं. हंगाम संपला, येळवस हा सण झाला, की लेकीकडे जाते, असं तिने सांगून टाकलं.

दोनशेचौदाची तिसरी मोजणी झाली त्या दुपारी मी जुनी नोंदवही काढली. ही ओळ मुळात कुठून आली ते पाहायचं होतं. सत्त्याहत्तर साल, नोव्हेंबरची एकवीस तारीख. कळ्या बावन्न, शेंगा चार, दाणे तेरा. शेवटच्या रकान्यात, दोरा कोणी बांधला तिथे, फक्त एक अक्षर होतं: के.

मी वही घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, ही केवळाबाईची आहे आणि ती दोन आठवड्यांत जाणार आहे. तिला काहीतरी सांगायला हवं.

सरांनी ते अक्षर पाहिलं. "शाल द्या. रोजंदारीला पद्धत नाही, मी माझ्याकडून आणतो. ओळीचं नाव काढू नका."

"पण तिचीच आहे ती, सर."

"आणि पुढच्या साली मेली तर? ती तिकडे गावभर सांगत बसलेली असेल, माझी तूर मरत नाही म्हणून. खोटी ठरेल की बाई."

मी वही मिटली. नियम पटत असला की अशी पंचाईत होते.

शालीचा कार्यक्रम कचेरीत झाला, दहा मिनिटांत. बिराजदारांनी नारळ दिला, सरांनी शाल घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाई म्हणून तिची शेजारीण त्या सहाजणींतलीच एक होती, मोठी फटकळ. ती मागून म्हणाली, की केवळाक्का नवरीसारखी लाजायली बघा. केवळाबाईने शालीची ऊब चाचपून पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि घडी घालून काखेत धरली.

बाहेर व्हरांड्यात तिने मला थांबवलं.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"सतरा साल दोरे बांधले. रंग बी किती बदलले, तांबडा, निळा, हिरवा. त्यातलं एखादं तरी जगलं का हो तिकडं?"

"अजून सांगता येत नाही," मी म्हणाले.

शास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य बिनचूक होतं. ती "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मी प्रयोगशाळेत आले, सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली, आणि बराच वेळ तिच्यावर काय आहे ते मला दिसलंच नाही.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या भागात त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपट करून आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ज्यांना रान नाही ते दुसऱ्याच्या रानात जेवायला जातात. तिथे कुणालाही नको म्हणत नाहीत. केवळाबाई इतकी वर्षं तशीच जेवत आली होती. या वर्षी तिने परवानगी मागितली, की केंद्राच्या बांधावर मला कोपी करू द्या, शेवटची येळवस मी घालते. सरांनी हो म्हटलं. केंद्राला सुट्टी होती, पण मोजणीमुळे आम्ही दोघं तिथेच होतो. सरांचं रान भावाकडे, आणि भावाशी बोलणं नाही, हे मला नंतर कळलं.

कोपी आजारी रान आणि दोऱ्यांचं रान यांच्या मधल्या बांधावर होती. आम्ही चौघंच होतो. केवळाबाई, हरणाबाई, सर आणि मी. अशी भज्जी मी आधी कधी खाल्ली नव्हती. सगळे ओले दाणे, सगळ्या पालेभाज्या, बेसन लावून एका भांड्यात शिजवलेल्या. प्रत्येक घास वेगळा लागत होता. आंबील मडक्यात गार झालेली. हरणाबाई सरांना आग्रह करकरून वाढत होती आणि म्हणत होती, की सायब कचेरीत रागावत्यात पण जेवाया बसले की गरीब वाटत्यात. सर हसत होते. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मला त्या सणाचं कोडं पडलं होतं, म्हणून मी विचारलं. आमच्याकडे सुगी झाल्यावर सण. इथे तर अजून ज्वारी हुरड्यालाही आली नाही, तूर शेंगेत आहे, आणि तुम्ही आजच गोडधोड करून मोकळे?

हरणाबाई खो खो हसली. बाई शिकलेली दिसती, म्हणाली.

केवळाबाई मात्र नीट समजावून सांगायला बसली, लहान मुलाला सांगावं तसं. "पीक आज उभं हाय न्हवं का? हिरवं हाय तवर त्याला जेवू घालायचं असतंय, माय. घरात आल्यावर काय, पोतं शिवलं की झालं. मग त्येचं नि आपलं काय ऱ्हातंय?"

"आणि पुढे बुडालं तर?"

"बुडतंय की. गारा पडत्यात, अळी पडती. दोन साल तर कायच न्हाई आलं. म्हून येळवस न्हाई केली असं कवा झालं न्हाई."

सरांचा घास हातातच राहिला होता. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. त्यांनी तो घास खाल्ला, ताट स्वच्छ केलं, तांब्या घेऊन हात धुतले.

"केवळाबाई," ते म्हणाले, "आजारी रानात गेलात तर परत दोऱ्यांच्या रानात पाय ठेवता येणार नाही. ठाऊक आहे ना?"

"मला कुठं यायचंय आता?"

"मग चला."

हरणाबाई उठू लागली, तिला सरांनी हाताने खाली बसवलं. तू उद्या कामाला येणार आहेस, म्हणाले. ती बांधावरूनच मान उंच करून बघत राहिली. आम्ही तिघं आत गेलो. केवळाबाई सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या रानात आली होती. दोन्ही बाजूंना वाळलेल्या काटक्या, पायाखाली गळलेला पाला, आणि ती दर ओळीशी थांबून बघत होती. दोनशेचौदापाशी सर थांबले.

"ही तुमची. सत्त्याहत्तर साली बावन्न कळ्या बांधल्या होत्यात. चार शेंगा धरल्या. त्यातलं हे."

ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. झाडांना हात लावत गेली, बारीक दिसत नसल्यामुळे असेल, किंवा नसेलही. परत आली आणि शेजारच्या वाळलेल्या ओळींकडे बोट केलं.

"अन् ह्या कुणाच्या?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नोंदवही मला जवळजवळ पाठ होती. मी सांगायला लागले. ही हरणाबाईची. ही तुमची. त्या पलीकडच्या दोन्ही तुमच्या. ती कोपऱ्यातली पण. सगळ्या मेलेल्या. मला वाटलं, आता पुरे म्हणेल, पण ती एकेका ओळीशी जाऊन उभी राहत होती आणि पुढची विचारत होती. हिरव्या ओळीपाशी ती जितकी थांबली, तितकीच वाळलेल्यांपाशीही थांबली.

शेवटी ती म्हणाली, "सायब, थोडी आंबील आणू का?"

रानाला आंबील शिंपडायची ती रीत. मी घाबरले. आंबट ताक, ज्वारीचं पीठ, त्यातले असंख्य जंतू, आणि तेही प्रयोगाच्या मातीत. मी सरांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. तिने मडक्यातली आंबील पळसाच्या पानाने शिंपडली, दोनशेचौदाच्या पहिल्या पाच झाडांवर. मग मेलेल्या ओळींवरही थोडी थोडी.

त्या संध्याकाळी मी मोजणीच्या वहीत लिहिलं: ओळ २१४, झाडे १ ते ५, आंबील शिंपडली. शेरा द्यायचा रकाना होता, पण काय द्यावा ते कळलं नाही, म्हणून मोकळा सोडला. सरांनी दुसऱ्या दिवशी त्या पानावर सही केली.

केवळाबाई लेकीकडे गेली. दोनशेचौदा पुढच्या हंगामात पाच केंद्रांवर पाठवली गेली. आमच्याकडे ती पुन्हा तगली, आणखी तीन ठिकाणी तगली. पाचव्या ठिकाणी, नदीपलीकडच्या काळ्या मातीत, बुरशीचा प्रकार निराळा निघाला. तिथे चाळीस झाडांतलं एकही वाचलं नाही. पाचांत एके ठिकाणी जरी नापास, तरी वाणाला नाव मिळत नाही. फाइल बंद झाली.

पुढे मी त्या केंद्रावर वीस वर्षं होते. चौऱ्याण्णव साली, लोमटेसर निवृत्त झाल्यावर, आमच्या एका वाणाला नाव पडलं. मांडव पडला, पाहुणे आले, भाषणं झाली, दहा किलो पेढे वाटले. माझ्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे. त्यात मी पहिल्या रांगेत उभी आहे. त्या दिवसातलं मला दुसरं काही आठवत नाही. भज्जीची चव मात्र विचारा, अजून सांगते.

पण ते पुढचं. शहाऐंशीच्या जानेवारीत, पाचव्या केंद्राचं पत्र आलं त्या दिवशी, सरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, केवळाबाईला कळवायला पाहिजे. मी म्हटलं, कार्ड टाकते.

"कार्ड नको. तुम्ही जा."

निलंग्यापर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. सर म्हणाले होते तेच झालं होतं. ती खोटी ठरली होती, आणि ते तिला तोंडावर सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. केवळाबाई दारातच बसली होती, शेंगा फोडत. मला ओळखायला तिला जवळ यावं लागलं. मग तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"तुमची ओळ गेली," मी म्हणाले. जुळवलेली सगळी वाक्यं विसरले होते.

"कशानं?"

"मरच. पण निराळी बुरशी होती, इकडची नव्हे." मी तिला पाच केंद्रं सांगितली, चार ठिकाणी तगली तेही सांगितलं.

"तिकडं किती ऱ्हायली?"

"एकही नाही."

तिने हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या. आतून तिच्या लेकीने, भामाने, विचारलं की कोण आलंय.

"रानावरनं सांगावा आलाय," केवळाबाई म्हणाली. "आपलं एक गेलं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. भामा घाबरून दारात आली. केवळाबाई तिला तुरीची गोष्ट सांगू लागली, आणि सांगता सांगता तिला हसू यायला लागलं, डोळे पुसत पुसत हसू. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सतरा साल किती तरी मेली असतील माझी, बाई. पर सांगाया कुणी आलं न्हवतं. तुमी आलाव."

मयताची बातमी माणूस पाठवून कळवतात ती जवळच्या नातेवाइकांना, हे मला मिरजेपासून ठाऊक होतं.

"भामे, पाणी तापव," ती म्हणाली. "बाई जेवल्याबिगर जायच्या न्हाईत. अन् आता मला आंघोळ करावी लागती का काय, त्ये बी इचार ह्यांस्नी. शिकलेल्या हायत."

तुरीच्या ओळीचं सुतक धरतात का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसतीच हसले. केवळाबाई उठली आणि खरोखरच न्हाणीकडे गेली. परत आली तेव्हा केस ओले होते. तशाच ओल्या केसांनी तिने माझ्यासमोर ताट मांडलं.